बिब्ब्याच्या तारेवरचे बिऱ्हाड

मला पक्ष्यांतले फारसे कळत नाही. मोर, पोपट, कावळा, भारद्वाज एवढ्यांशी तोंडओळख. बाकीची सगळी नुसती पाखरे. पण एक पक्षी मी पाठमोरा असला, उडता असला, तरी ओळखतो. ती ओळख मला कुठल्या पुस्तकाने दिली नाही. मेहकरातल्या दोन जावांच्या भांडणाने दिली.

मी मूळचा उंद्रीचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. चिखलीला शिकलो, मग बुलढाण्याला, आणि शेवटी नागपूरला जाऊन बी. ए. झालो. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. साहेब, हुकूम आणि परीक्षांचे निकाल सगळे नागपूरहूनच यायचे, म्हणून पदवीही तिकडूनच आणावी लागली. पहिली नोकरी लागली मेहकरच्या शाळेत. राहायला खोली मिळाली ती दोन भावांच्या घरात. बापाचे एकच घर, अंगणात छातीइतकी मातीची भिंत घालून दोघांनी वाटून घेतलेले. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. माझी खोली रस्त्याच्या तोंडाशी, थोरल्याच्या बाजूला. भिंत माझ्या ओट्याला येऊन संपत असे, त्यामुळे ओट्यावर बसले की दोन्ही अंगणे दिसत.

जेवायला मी थोरल्या काकूंकडे असे. धाकट्या काकू भिंतीवरून कढीचा गडवा पुढे करीत. दोघींनी मला कधी भाडेकरू मानले नाही. गल्लीत कोणाचे पत्र आले की दोघी सांगत, "आमच्या बी. ए. मास्तरकडं घेऊन जा, थे वाचून देतीन." 'आमच्या' हा शब्द दोघी वेगवेगळ्या अंगणातून म्हणत, कारण त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडणाचे कारण असे. धाकट्या काकूंची मुलगी उपवर झाली होती. थोरल्या काकूंना दोन मुलगेच, मुलगी नाही. म्हणून ही पोर त्यांच्याच कडेवर वाढली. ती त्यांना मोठी माय म्हणे. आदल्या हिवाळ्यात धाकटे नवराबायको शेगावला दर्शनाला गेले, तिथे धर्मशाळेत खामगावकडचे एक बरे कुटुंब भेटले, बोलता बोलता सोयरीक जमली आणि दोघे साखर घेऊनच परतले. थोरल्या काकूंना बातमी साखरेबरोबर कळली.

"मले साखर देल्ली, मास्तर," त्या मला भाकरी वाढता वाढता म्हणत, "पन इचारलं नाही."

स्थळात खोट काढायला जागा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यामुळे राग आणखीच मुरला. तेव्हापासून दोघींचे बोलणे बंद. भाऊ मात्र एकाच शेतात जात, एकाच चंचीतली तंबाखू खात आणि या विषयावर काही म्हणत नसत.

लग्न चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यात धरले होते. आमच्याकडे लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळतात आणि पहिली मूठ घरातल्या थोरल्या सवाष्णीने घालायची असते. या घरात तो मान थोरल्या काकूंचा. एकदा मुलगी कढीचा गडवा न्यायला आली आणि माझ्या उंबऱ्याशी थांबून हळूच म्हणाली, "मास्तर, मोठी माय हळदीले येईन ना?"

मी म्हटले, "येतील की."

"तिनं मुठीले हात नाही लावला तं मी पाटावर बसणार नाही," ती म्हणाली. "पन हे मायले सांगू नका. अन् मोठ्या मायलेही सांगू नका." एवढे मोठे गुपित माझ्यावर टाकून ती निघून गेली.

फाल्गुन संपत आला असताना एका सकाळी थोरल्या काकूंनी मला हाक मारली. "मास्तर, भाईर या. हात लावू नका. लांबूनच पाहा."

त्यांच्या दारावर वळचणीला एक तार लोंबत असे. दृष्ट लागू नये म्हणून तिच्यात लिंबू, मिरच्या आणि एक बिब्बा ओवलेला. हात पोचत नाही म्हणून दिवाळीनंतर ती बदललेली नव्हती. लिंबाचे लाकूड झाले होते. त्या तारेला आता लांबट वांग्याएवढे एक गाठोडे लोंबत होते. करड्या रंगाचे, खालून शेपटासारखे विस्कटलेले, कोळ्याच्या जाळ्यांनी गुंडाळलेले.

काकूंनी लांबूनच बोट फिरवले. "हे केस. हे काळे तीळ. ही लाल चिंधी. अन् हा हिरवा दोरा. वळखला का?"

मी म्हटले, नाही.

"पलीकडच्यांनी मागच्या महिन्यात नवं लुगडं घेतलं, त्याचा हाय." त्यांचा आवाज खाली गेला. "करणी हाय ही, मास्तर. माह्याच बिब्ब्याले बांधली, म्हंजे त्याचा जोरही सरला."

त्या भित्र्या बाई नव्हत्या. शेतात साप निघाला तर गड्याच्या आधी काठी त्या उचलत. पण त्या सकाळी त्या तारेखालून आत जाईनात. करणीच्या भीतीपेक्षाही, ती आपल्याच जावेने केली ही कल्पना त्यांना ओलांडवत नसावी, असे मला आज वाटते.

गेले काही दिवस मी एक इवलेसे पाखरू तिथे ये-जा करताना पाहिले होते, पण पेपर तपासण्याच्या नादात नीट बघितले नव्हते. मी म्हटले, "काकू, हे घरटं आहे."

"घरटं? घरट्याले फांदी लागते, काड्या लागतात. अन् बिब्बा उतते अंगावर, फोड येतात. त्याच्याशी कोणतं पाखरू घर बांधीन?" मग त्यांनी मला अडवणारा प्रश्न विचारला. "नाव सांगा बरं त्या पाखराचं."

मी पुन्हा वर पाहिले. आमच्या उंद्रीत इवले पाखरू दिसले की ती चिमणी, यापुढे कोणी गेले नव्हते. नागपूरला मी इतिहास आणि संस्कृत शिकलो. दारातल्या पाखराचे नाव विचारणारा पेपर तिथे नव्हता.

काकूंनी ठरवून टाकले. सुलतानपूरच्या भगताला निरोप धाडायचा. बाजारच्या दिवशी तो येईल, गाठोडे काढील, तिठ्यावर जाळील. कोणी मध्ये हात लावायचा नाही. आणि ज्या घरातून करणी आली त्या घरचा उंबरा त्या ओलांडणार नाहीत, मग हळद असो की अक्षता.

भिंतीपलीकडे जात्याचा आवाज चालू होता तो बंद झाला. म्हणजे सगळे ऐकू गेले होते.

मला पदवीची लाज राखायची होती आणि मुलीचे गुपितही पोटात होते. शाळेच्या कपाटात इंग्रजी वाचनाचे एक पुस्तक होते, त्यात एक रंगीत चित्र: फुलासमोर अधांतरी थरथरणारा पक्षी, लांब चोच, खाली नाव हमिंग बर्ड. मला हर्ष झाला. संध्याकाळी पुस्तक घेऊन मी थोरल्या काकूंपुढे बसलो.

त्यांनी चित्र दिव्याजवळ नेऊन पाहिले. "लाल गळा. हिरवी पाठ. हे तुमी आपल्या वळचणीले पाह्यलं?"

"असंच पाहिलं."

"लाल गळा पाह्यला?"

"नाही. ते जरा मातकट होतं."

"मंग मास्तर, हे थे कसं?" त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना विचारले. ते पुण्याकडचे. माझ्या तोंडून 'मले' निघाले की ते हसून 'मला' म्हणत आणि पुढे ऐकत. "अहो, हमिंग बर्ड अमेरिकेतला," ते म्हणाले. "मेहकरला यायला तो बोटीनं आला की काय? तुम्ही सांगताय तो शिंजीर असणार." मग त्यांनी खुणा सांगितल्या. चिमणीहून लहान. चोच बारीक आणि बाकदार, फुलातला मध प्यायला. मादी वरून मातकट, पोटाकडून पिवळसर. नर काळा, पण काळा तो फक्त सावलीत. उन्हात आला की जांभळा-निळा चमकतो. "म्हणून त्याला उन्हात बघा," असे त्यांनी बजावले. त्या सज्जन माणसाने माझे अज्ञान हसण्यावारी नेले नाही. तो शब्द मी घोकत घोकत घरी आणला.

"काकू, नाव मिळालं. शिंजीर."

"जंजीर?" थोरल्या काकूंनी वळचणीकडे पाहिले. "जंजीर कुठं हाय? साधी तार हाय थे."

भिंतीपलीकडे कोणीतरी तोंडाला पदर लावून हसले.

मी नेटाने खुणा सांगितल्या. थोरल्या काकू म्हणाल्या, "मी दोन रोजापासून पाह्यत हाय. एकच मातकट पाखरू येते. काळं नाही, जांभळं नाही."

आता भिंतीपलीकडून धाकट्या काकूंचा आवाज आला, मला उद्देशून. "मास्तर, आमच्या डाळिंबावर रोज काळंच बसते. सकाळपासून चिवचिव करून डोकं उठवते. मातकट तं मी पाह्यलंच नाही."

थोरल्या काकू भिंतीकडे पाठ करून माझ्याशीच बोलल्या. "त्यांले सांगा, काळं पाखरू त्यांच्याच दारी बसणार. पहाऱ्याले ठेवलं असन."

"त्यांले सांगा," पलीकडून उत्तर आले, "पहारा कराले माह्या घरी काही सोनं नाही."

"त्यांले सांगा, तो हिरवा दोरा कोणाचा?"

"त्यांले सांगा, माह्या नव्या लुगड्याची किनार वाळत घातल्या जागी उसवली, तं मी कोणाचं नाव घेतलं नाही. अन् त्या गाठोड्यात पांढरे केसही हायेत. माहे तं अजून काळे हायेत म्हणा."

थोरल्या काकूंनी चटकन आपल्या अंबाड्याला हात लावला. त्या रोज दारात बसून विंचरत आणि गुंतवळ तिथेच कोनाड्यात खोचत. मला वाटले, आता प्रकरण मिटले. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "करणी ज्याच्यावर कराची, केस त्याचेच घ्या लागतात."

दोघी मध्ये दोन हात अंतर ठेवून उभ्या होत्या आणि मी मान इकडून तिकडे वळवत होतो. कोणाचेच खोटे नव्हते. नर डाळिंबाच्या फुलांवर, म्हणून धाकटीला काळा दिसे. मादी घरट्यात, म्हणून थोरलीला मातकट. दोन्ही पाखरे एकाच संसारातली आहेत हे पटायचे, तर दोघींनी एकाच जागेवरून पाहायला हवे होते. ते मी सुचवले असते तर दोघींनी मला खोली सोडायला सांगितले असते.

ते काम मुलीने केले. बाजारच्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, ती थोरलीला म्हणाली, "मोठी माय, मास्तरनं ओट्यावर बोलावलं." आणि आईला म्हणाली, "माय, मास्तरनं ओट्यावर बोलावलं." मी ओट्यावर दात घाशीत होतो. दोन्ही बाजूंनी दोघी आल्या, एकमेकींना पाहून थबकल्या, पण गल्लीतले लोक बघत होते, म्हणून परत फिरणे कमीपणाचे झाले असते. ओट्याच्या दोन टोकांना दोघी बसल्या. मधे मी, तोंडात राखुंडी.

ऊन नुकतेच डाळिंबावर आले होते. शेंड्यावर काळे पाखरू येऊन बसले आणि गाऊ लागले. एवढ्याशा गळ्यातून केवढा आवाज. मग ते जरा वळले आणि उन्हात आले, आणि काळे म्हणून जे होते ते जांभळे झाले, गळ्याशी निळे, मोराच्या पिसासारखे. थोरल्या काकू पुढे वाकल्या. त्याने पंख किंचित उचलले, तर बगलेत पिवळा-लाल पुंजका.

"अवं माय," धाकट्या काकू म्हणाल्या. "याले तं हळद लागली हाय. नवरदेव हाय हा."

तेवढ्यात भिंतीवरून मातकट पाखरू आले. चोचीत कोळी. ते थेट तारेवर गेले, आणि गाठोड्याच्या कुशीत, वरच्या छपरीखाली, एक भोक होते तिथे लोंबकळले. आतून दोन पिवळ्या चोची बाहेर आल्या. गाठोड्याला तोंड होते आणि ते तोंड भुकेले होते. आम्हाला जे तीळ वाटत होते ती अळ्यांची लेंडके होती. लाल चिंधी म्हणजे पळसाच्या फुलाची वाळकी पाकळी.

थोरल्या काकूंनी मान वर करून त्या तोंडात कोळी जाताना पाहिला. मग मला विचारले, "बांधलं कोणी? दोघांनी?"

हेडमास्तरांनी सांगितले होते ते मी सांगितले. घर मादीच बांधते. अंड्यांवर तीच बसते. नर वर बसून गातो.

"हे बांधते, हे बसते," थोरल्या काकू एकेक बोट मोडत म्हणाल्या, "अन् थो वर बसून गाते?"

समोरच्या अंगणात दोन्ही भाऊ एका बाजेवर बसून तंबाखू चोळत होते. थोरले काही गुणगुणतही होते. धाकट्या काकूंनी तिकडे पाहिले आणि कोणालाच न सांगितल्यासारखे म्हणाल्या, "आपल्या घरचेच दोघं म्हणा की."

"अन् तंबाखू नाही खात एवढंच," थोरल्या काकू म्हणून गेल्या.

दोघी एकदम हसल्या. हसून झाल्यावर दोघींच्या लक्षात आले की आपण बोललो. थोरल्या काकूंनी पदर सावरला, धाकट्या काकूंनी डाळिंबाकडे पाहिले. बाजेवरून थोरल्या भावाने विचारले, "काऊन हसून राह्यल्या बे ह्या?" धाकटा म्हणाला, "इचारू नको."

तेवढ्यात नरही भिंतीवरून आला, चोचीत एक अळी, आणि त्यानेही पिलांना भरवले. "चला," थोरल्या काकू म्हणाल्या, "लेकरं झाल्यावर तरी हालला."

शाळा सुटल्यावर भगत आला. पिकल्या मिशांचा, भारदस्त माणूस. नारळ, लिंबे, चिमटा सगळे घेऊन. त्याने वळचणीकडे पाहिले आणि चिमटा उचलला. थोरल्या काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "महाराज, थे पाखराचं घर हाय. आत लेकरं हायेत."

"पन तुमीच तं बलावलं."

"बलावलं. तवा मले माहीत नव्हतं."

"अन् आता कोणं सांगतलं?"

"आम्ही दोघींनी पाह्यलं," भिंतीपलीकडून धाकट्या काकू म्हणाल्या. "बसा, चहा घ्या."

भगताने आमच्या तिघांकडे पाहिले, गाठोड्यातून डोकावणाऱ्या चोचींकडे पाहिले आणि चिमटा पिशवीत घातला. चहा बशीत ओतून तो म्हणाला, "ज्या दारी पाखरू लेकरं वाढवते त्या दारी करणी शिरत नाही. तुमचं काम माह्याआधी त्यानंच केलं." आणि नारळ ठेवून गेला. मला तो माणूस आवडला.

पण हळदीचे काय, हा प्रश्न राहिलाच. दोघी आता एखाददुसरा शब्द बोलत, पण तो पाखरांपुरता. "मघाशी आली का वं?" "आली." पुढे काही नाही. हळदीला या म्हणायला धाकटीला जड जात होते, आणि न बोलावता जायचे तर थोरलीच्या मानाचे काय. मुलगी माझ्याकडे बघे, मी पुस्तकात बघे.

मांडवाचा दिवस उजाडला. दोन्ही घरांच्या दारांवरून एकच मांडव, हा त्या घराचा रिवाज. गड्यांनी बल्ल्या आणल्या, पळसाचे डहाळे आणले, आणि पहिली आडवी बल्ली थोरल्यांच्या वळचणीला टेकवायला घेतली. थोरल्या काकू आत चुलीशी होत्या त्या लाटण्यासकट बाहेर आल्या.

"थांबा बे. तिथं नाही. हातभर लांब टाका."

"काकू, मंग मांडव वाकडा होते," एक गडी म्हणाला.

"होऊ दे. पिलं उडाली नाहीत अजून."

गड्याने धाकट्या काकूंकडे पाहिले. मांडव त्यांच्या मुलीचा, हुकूम त्यांचा. मी ओट्यावर होतो. धाकट्या काकू भिंतीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मले काय पाह्यता? या घरात मोठ्या त्या हायेत. त्या सांगतीन तिथं टाका." मग थोरलीकडे वळून, जरा हळू, "जाऊबाई, तुमीच उभ्या राहून सांगा त्यांले. मले यातलं काय समजते. अन् हळदही तुमच्या हातची."

"मंग हळकुंडं भिंतीपलीकडून इकडं आणाले लावा," थोरल्या काकू म्हणाल्या. "तुमच्या जात्याचा खुटा हलते. मागच्या वर्षीपासून सांगून राह्यली."

"मागच्या वर्षीपासून बोलल्याच कुठं तुमी?"

"मनात सांगत होती."

हळद थोरल्या काकूंच्या ओसरीत दळली गेली. पहिली मूठ त्यांनी घातली, खुंटा एका बाजूने त्यांनी धरला, दुसऱ्या बाजूने धाकटीने, आणि त्यांनी ओवी उचलली तशी धाकटीने दुसरी ओळ घेतली. आवाज दोघींचे बेसूर होते. मुलगी पाटावर बसली आणि तिने बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे पाहून एकदाच मान हलवली.

लग्नाच्या दिवशी खामगावकडची वऱ्हाडी मंडळी आली. नवऱ्या मुलाचे वडील अंगणात उभे राहून मांडव न्याहाळू लागले. एका बाजूने तो पुढे आलेला, दुसऱ्या बाजूने मागे सरकलेला, वळचणीत आणि त्याच्यात आभाळाची हातभर पट्टी.

"मांडव असा वाकडा काऊन?" त्यांनी विचारले.

"आमच्याकडं असाच टाकतात," दोघी जावा एकदम म्हणाल्या, आणि पंगतीची पाने मांडायला निघून गेल्या.